आबांचा निरोप

“लाट मोजलंस?”

मी पायाची वाळू झटकत पडवीच्या पायरीवर उभा होतो. आबांनी डोळे न उघडताच विचारलं.

“मोजलंय. एकीमागसून दुसरी येवक चौदा आकडे.”

“कासवखडपार फुटता?”

“फुटनाच नाय. नुसता खडकाक चाटता.”

“पाणी?”

“सपाट. ताटात वतल्यासारख्या.”

आबांच्या उजव्या हाताशी राखेची करवंटी ठेवलेली असे. तिच्यातली चिमूट त्यांनी उचलली, हात पडवीबाहेर काढला आणि बोटं सैल केली. राख सरळ खाली आली नाही. तिरकी होऊन माडांच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे गेली. मग त्यांनी मान वर करून नाकाने हवा ओढली. आत घाटाच्या अंगाला कुठेतरी पालापाचोळा जाळत होते आणि पौषातल्या त्या थंड सकाळी त्याचा वास थेट आमच्या अंगणात येऊन बसला होता.

“होड्यांका जावंदे,” आबा म्हणाले.

मी निरोप घेतला आणि पायरी उतरून चालू लागलो.

हे काम मी तीन वर्षं करत होतो. आमच्या तळकोंडच्या किनाऱ्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारल्याशिवाय कुणी होडी पाण्यात लोटत नसे. चाळीस वर्षं त्यांनी होडीचं सुकाणू धरून तांडेलकी केली होती आणि त्यांचं ऐकून गेलेला माणूस परत आला नाही असं एकदाही झालं नव्हतं, असं गाव सांगायचं. मग एका सकाळी उठता उठता त्यांची डावी बाजू गेली. पाय गेला, हात गेला, जीभ जड झाली. किनारा घरापासून जेमतेम दोनशे पावलं, पण मध्ये टेकाड, त्यामुळे पडवीतून समुद्र दिसायचा नाही. म्हणून मी त्यांचे डोळे झालो. उजाडता उजाडता खाली जायचं, लाट मोजायची, पाणी बघायचं, वर येऊन सांगायचं. आबा राख सोडायचे, कान लावायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे. मी पुन्हा खाली जाऊन ते तांडेलांना सांगायचो. त्यांचं बोलणं बाहेरच्या माणसाला धड कळत नसे, चार शब्दांतले दोन निसटायचे. त्यामुळे माझ्याशिवाय कुणाचं अडू नये असं म्हटलं तरी अडायचंच. पन्नाशीतले बाप्ये होडीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभे असायचे. माझी सगळी पत तेवढीच होती. पण ती रोज सकाळी मिळायची आणि मला पुरायची.

विश्राम आला नसता तर पुढेही पुरली असती.

विश्राम कुबल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा. देवगडकडचा. दहा वर्षं आखातात कुठल्याशा तेलाच्या जहाजावर होता. ते सोडून आला तो कुंदाला घेऊन आमच्याच अंगणातल्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहिला. आबांना बघायला माणूस हवं, हे कारण. सामानाबरोबर त्याने एक पिवळी कयाक आणली. प्लास्टिकची, एका माणसाची, वर उघडी, वल्ह्याला दोन्हीकडे पातं. गोव्यातल्या कुणा वॉटर स्पोर्टवाल्याकडून घेतली म्हणाला. पहिल्या दिवशी गावातल्या बायका ती बघून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. न्हाणीतली परात, असं लवू तांडेल म्हणाला. आबा तिला नुसतं ‘पिवळा’ म्हणायचे.

महिनाभरात त्या परातीतून विश्रामने अकरा किलोची सुरमई आणली. गरीवर, गळ टाकून, एकट्याने. ती त्याने सरळ आबांच्या खाटेपाशी आणून ठेवली आणि त्यांचा उजवा हात उचलून माशाच्या पोटावर ठेवला. आबा हसले. अर्ध्या तोंडानेच हसले, पण खाटेवर पडल्यापासून पहिल्यांदा हसले. मी तीन वर्षं त्यांचं सगळं काढत होतो, मला तसं हसणं मिळालं नव्हतं. मी गडवाभर पाणी घेऊन न्हाणीत गेलो आणि तिथेच बराच वेळ उभा राहिलो.

मला तो आवडत नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. कुणाशी भांडत नसे, पीत नसे. दुपारी आबांजवळ बसून त्यांचं बोलणं समजून घ्यायला शिकत होता. एकेक शब्द पुन्हा म्हणायला लावायचा आणि बरोबर कळला की स्वतःच टाळी वाजवायचा. आणखी चार-सहा महिन्यांत त्याला सगळं कळायला लागलं असतं. मग सकाळी माझी वाट कुणी बघितली असती? त्यातून त्याच्या फोनमध्ये वारा, लाट, भरती सगळं दिसायचं. एक-दोन तांडेल हळूच त्यालाही विचारू लागले होते.

त्या सकाळच्या आदल्या रात्री जेवताना आबा त्याला काहीतरी म्हणाले. तो पाण्याचा तांब्या आणायला उठला होता, त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं.

“माझो झील असतो तर असो असतो.”

मी, त्यांचा सख्खा मुलगा, भात कालवत होतो. कालवत राहिलो.

तर त्या सकाळी मी खाली पोचलो तेव्हा पाच होड्या तयार होत्या. लवू तांडेल सुकाणूजवळ उभा होता.

“काय म्हणतत आबा?”

“जावंदे म्हणतत.”

तेवढं पुरे होतं. पाची होड्या एकामागून एक पाण्यात गेल्या आणि इंजिनं धडधडत दक्षिणेला निघून गेली. खरं तर माझीही होडी जायची, पण मी पंख्यात दोरी अडकल्याचं सांगून मागे राहिलो. दोरी कसलीही अडकली नव्हती. टेकाड उतरतानाच मी ते ठरवलं होतं.

विश्राम कयाकला गऱ्या बांधत होता. कुंदा त्याला पेजेचा डबा आणि पाण्याची बाटली द्यायला खाली आली होती. ती वाळूवर उकिडवी बसून डबा जाळीत नीट बसतो का बघत होती.

“ह्या बगा, जनूभाव,” विश्रामने फोन पुढे केला. “वारो आठ, लाट अर्धो मीटर. ह्यो जावा म्हणता. पण ह्येचा काय जाता? बुडलंय तर ह्यो माझ्याबरोबर बुडात, आणि गप रवात.” तो हसला. मग फोन पिशवीत टाकून त्याने नेहमीसारखं, हात पुसून, माझ्याकडे तोंड केलं. “आबा काय म्हणतत?”

एवढं शिकलेला, जग बघितलेला माणूस. हातातल्या यंत्राने जा म्हटलं होतं, तरी आमच्या म्हाताऱ्याचा शब्द आल्याशिवाय त्याने पाण्यात पाय घातला नाही.

“जावंदे म्हणतत,” मी म्हणालो.

“माझ्यासाठी येगळा काय नाय?”

“येगळा कित्या सांगतले?”

त्याने मान डोलावली. कुंदा उठून उभी राहिली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदराने हात पुसले.

“दादान इचारल्यान हा ना, मगे झाला,” ती त्याला म्हणाली. “दुपारच्या आदी येवा. आबांका आंगूळ घालूची आसा.”

त्याच्याकडे लाइफ जॅकेट होतं, नारिंगी. ते घातलं की काखेत काचतं, म्हणून तो ते बसायच्या जागेवर पाठीमागे बांधून टेकायला घ्यायचा. त्या दिवशीही तसंच बांधलं. कयाक गुडघाभर पाण्यात ढकलली, वर बसला आणि वल्हं एकदा इकडे, एकदा तिकडे मारलं. पाण्यावर सुरकुतीही नव्हती. दहा-बारा हात गेल्यावर तो अर्धवट वळला, बहुधा कुंदाकडे बघायला. तेव्हा बोललो असतो तरी ऐकू गेलं असतं. पण आमच्याकडे वल्हं पाण्याला लागल्यावर माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन होतो. ती रीत त्या घटकेला माझ्या फार उपयोगी पडली.

मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. थंडीतल्या सकाळी तो रोजच असतो आणि नऊ-साडेनऊला पडतो. गंमत अशी की मतलई जितकी जोराची, तितका किनारा शांत. आमच्या पाठीशी टेकाड आणि डोंगर, त्यामुळे वारा डोक्यावरून निघून जातो आणि काठाचं पाणी तेलासारखं पडून राहतं. बघणाऱ्याला वाटतं, आज काय, पोराबाळांना खेळायला सोडावं. वारा पाण्याला टेकतो तो बाहेर, तळकोंडचं नाक, म्हणजे समुद्रात घुसलेला कडा, ओलांडल्यावर. तिथे इंजिनाच्या होडीला काही फरक पडत नाही. ती जड असते, पाण्यात बसलेली असते. हलक्या वस्तूला मात्र तो पाठीत हात घालून नेतो. जाताना वाटतं, आज वल्हं कसं छान चालतंय. कळतं ते परत वळताना.

हे आबांना कळायचं. त्यांच्याबरोबर राहून मलाही कळत होतं.

अर्ध्या तासाने मी नाकावर चढलो. तिथे भुताच्या वडाखाली बसलं की दोन्हीकडचा समुद्र दिसतो. आतला निळा, गुळगुळीत. बाहेरचा काळपट, आणि त्यावर पांढरे ठिपके उठत होते. पिवळा ठिपका त्या पांढऱ्यांच्या मध्ये होता. कयाकचं तोंड आमच्याकडे होतं. वल्ह्याची पाती दोन्ही बाजूंना आळीपाळीने चमकत होती, भराभर, न थांबता. आणि तो लहान होत होता.

मी विडी पेटवली.

काय वाटलं ते सांगतो, कारण आता लपवून कुणाला काय मिळणार. मला बरं वाटलं. पोटात गरम पेज गेल्यासारखं बरं वाटलं. दम दम, म्हटलं, जावईबापू, दमा. माझा बेत पक्का होता. त्याचे हात गळले की मी होडी काढणार, बाहेर जाणार, पिवळ्याच्या नाकाला दोरी बांधणार आणि त्याला ओढत आणणार. बाराच्या सुमारास पाची होड्या परत येतात, सगळा गाव मासे घ्यायला वाळूवर असतो, त्याच वेळेला. मग त्या ओल्या, थरथरत्या माणसाला धरून पडवीत नेणार आणि आबांच्या पुढ्यात बसवणार. बस्स, एवढंच हवं होतं मला. त्याने मरावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं. आजवर कुणी विचारलेलं नाही, पण विचारलं तर मी हे शपथेवर सांगेन. आणि ते काही कामाचं नाही हेही मला ठाऊक आहे.

विडी अर्धी झाली तेव्हा त्याने वल्हं उभं धरलं. डोक्यावर, सरळ, आणि हलवलं. एकदा हलवलं, थांबला, पुन्हा हलवलं. बाहेर पाण्यात वल्हं उभं धरणं म्हणजे काय, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही समजतं. त्याला मी दिसत होतो का, ते मला आजही माहीत नाही. नाकावर माझा पांढरा सदरा होता.

मी म्हटलं, अजून थोडं. एवढ्यात गेलो तर म्हणेल, नसता आलास तरी आलो असतो.

दुसरी विडी पेटेना. वारा ती विझवत होता. वडाच्या आडोशाला वळून, हाताचा खोपा करून मी पेटवली. तीन काड्या गेल्या. वळलो तेव्हा पांढरे ठिपके होते, पिवळा नव्हता.

मी उभा राहिलो. डोळ्यांवर हात धरला. नव्हता.

त्यानंतर मी जो धावलो ते सांगण्यात अर्थ नाही. नाकावरून वाळूवर, वाळूवरून होडीकडे. किनाऱ्यावर कुणी नव्हतं, सगळे बाप्ये तर मीच ‘जावंदे’ सांगून धाडले होते. तीन माणसांनी लोटायची होडी मी एकट्याने लोटली. ओंडका सरकवायचा, खांदा लावायचा, हातभर पुढे, पुन्हा ओंडका. पाण्याला लागेपर्यंत छातीत कळ यायला लागली होती. नाकाबाहेर गेलो तसा वारा अंगावर आला. आखूड, उभ्या लाटा, एकीचा तोल सावरतो तोवर दुसरी. मी ओरडलो. “भावोजी!” म्हणून ओरडलो, मग “विश्राम!” म्हणून. त्याला नावाने मी त्याआधी कधी हाक मारली नव्हती. डिझेल अर्ध्यावर आलं तेव्हा परत फिरलो.

बाराला होड्या आल्या. मासे तसेच टाकून लवू तांडेलने पाची होड्या पुन्हा बाहेर काढल्या. मीही गेलो. एरवी नऊला पडणारी मतलई त्या दिवशी एकच्या सुमारास पडली आणि तासाभराने समुद्रावरून वारा यायला लागला, गार, छान, सगळं घराकडे लोटणारा. ज्याला तो हवा होता तो तिथे नव्हता.

उजेड होता तोवर शोधलं. मग सगळे आमच्या अंगणात आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. कुंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने आंघोळीसाठी तापवलेलं पाणी सकाळपासून चुलीवर तसंच होतं. लवू तांडेल पडवीच्या पायरीशी आला. आबांपेक्षा तो बारा-तेरा वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. वर चढला नाही. खालूनच म्हणाला,

“आबा, अशा मतलयेत तुमी त्या पिवळ्याक जावा म्हटलात?”

आबांनी मान वळवली. लवूकडे नाही, माझ्याकडे. मी खांबाला टेकून होतो, कपडे अंगावरच वाळून खारट कडक झाले होते. त्यांचा एक डोळा अर्धा मिटलेला असायचा, दुसऱ्याने त्यांनी मला बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. तोंड उघडायला मला कुणी मनाई केली नव्हती.

“होय,” आबा म्हणाले. “माझा चुकला.”

लवूला ते कळलं नाही. त्याने कान पुढे केला. मग आबांनी ते पुन्हा म्हटलं, एकेक अक्षर सोडवत, अंगणभर ऐकू जाईल असं. “माझा. चुकला.”

लवूने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले.

तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलरवाल्याने कयाक आणून दिली. तीस मैलांवर मिळाली म्हणाला, सरळ तरंगत होती. गऱ्या जागच्या जागी. जाळीत पेजेचा डबा, झाकण न उघडलेला. नारिंगी जॅकेट पाठीला टेकायला बांधलेलं तसंच. विश्राम काही मिळाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कुंदाने कयाक अंगणात पालथी घालून ठेवली आणि कुणाला हलवू दिली नाही. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी ये म्हटलं, ती गेली नाही.

त्या रात्रीनंतर आबांना कुणी विचारलं नाही. होड्या जायच्या, इंजिनांचा आवाज टेकाडावरून ऐकू यायचा. पोरांनी फोन घेतले. लवूने स्वतःच्या अकलेने बघायला सुरुवात केली. लोक वाईट बोलले नाहीत, नुसते यायचे थांबले, आणि चाळीस वर्षं ज्याच्या दारात सकाळी माणसं उभी राहिली त्याला ते पुरेसं झालं. आबा मात्र उजाडलं की करवंटीकडे हात न्यायचे. चिमूट सोडायचे, बघायचे. मला लाट मोजायला पाठवत नसत. मला त्यांनी काही विचारलंच नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर पाच वर्षं जगले, त्यात एकदाही नाही. मी भरवलेलं खायचे, मला अंग पुसू द्यायचे. मी वाट बघत होतो की आज विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं. पण वाटण्याचं काय, मला त्या सकाळी नाकावरही बरंच काही वाटत होतं.

महिना-सव्वा महिना गेला असेल. मी सकाळी चुलीत जाळ घालत होतो. कुंदा आबांना चहा घेऊन पडवीत गेली. कप खाली ठेवला नाही. हातात धरूनच खाटेजवळ बसली आणि तांडेल विचारायचे तशा आवाजात म्हणाली,

“आबा, आज जावचा काय?”

आबांनी करवंटीकडे हात नेला नाही. वास घेतला नाही. लगेच म्हणाले, जसं काही ओठांवर ठेवलेलंच होतं,

“होड्यांका जावंदे. त्या पिवळ्याक आज नको.”

कुंदाने ते शब्द पहिल्यांदा ऐकले. मी दुसऱ्यांदा.

होय, त्या सकाळीही आबा एवढंच बोलले होते, दोन वाक्यं. मी दोन्ही ऐकली होती. पहिलं पायरीवर आणि दुसरं पायरी उतरताना, पाठीवर, अगदी स्वच्छ. अर्धा निरोप घेऊन मी टेकाड उतरलो आणि उतरता उतरता स्वतःला समजावत होतो की मी खोटं कुठे बोलणार आहे, आबांनी जावंदे म्हटलंच आहे.

कुंदाने कप खाली ठेवला, बशीत चहा ओतून आबांच्या ओठाला लावला. आत आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, तिला वाटलं असेल म्हातारा भ्रमला, उशिरा शहाणा झाला. तेच वाटून घ्यायला मला सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पावसात, जेव्हा होड्या वाळूवर झावळांखाली शाकारलेल्या असतात आणि जाण्याचा प्रश्नच नसतो, तेव्हाही. “आबा, आज जावचा काय?” आणि आबा दर वेळी तेच सांगायचे. वारा कुठलाही असो. पुढे पुढे त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, मला लवू म्हणू लागले, तरी हे चुकलं नाही. मी आत चुलीपाशी बसून रोज ऐकायचो. दोन वर्षांनी एकदा माझा धीर सुटला.

“कित्या छळतंस तेंका रोज?” मी तिला म्हटलं. “पुरे झाला आता.”

“मी छळतंय?” ती म्हणाली. भाकरी थापत होती, थापत राहिली. “माका आयकूक बरा वाटता.”

आबा गेले ते कार्तिकात, झोपेत. गाव आलं. लवू तांडेलने खांदा दिला आणि परतताना म्हणाला, मोठो माणूस, पण शेवटी एक चूक नडली. मी मान हलवली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पडवीत आबांच्या रिकाम्या खाटेजवळ बसलो होतो. उजाडत होतं. कुंदा चहा घेऊन आली. माझ्यासमोर खाली बसली. कप हातातच धरला होता. पलीकडे अंगणात ती कयाक पालथी पडलेली. उन्हाने तिचा पिवळा रंग पार उडून गेला होता.

“दादा,” ती म्हणाली, “आज जावचा काय?”

मला वाटलं सवयीने बोलली. बाप गेला, जिभेला वळण पडलंय, दुसरं काय. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो,

“जावंदे.”

ती उठली नाही. कप पुढे केला नाही. चहाची वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी वाळूवर पदराने हात पुसताना बघितलं होतं तशी.

“पुरा सांग,” कुंदा म्हणाली.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझं लग्न जमलं नाही, ती हे घर सोडून कुठे गेली नाही. आम्ही दोघंच असतो. ती माझं सगळं करते, आजारी पडलो तर रात्र रात्र उशाशी बसते, कधी वाकडा शब्द बोलत नाही, गावात माझ्याविषयी कुणाकडे अक्षर काढलेलं नाही. फक्त रोज उजाडताना कप घेऊन येते, समोर बसते आणि विचारते. मी सांगतो, होड्यांका जावंदे. ती थांबते. मग मी उरलेलं सांगतो. ते सांगून झाल्यावरच ती चहा माझ्यापुढे ठेवते.